त्याच्याकडचा सूर्य

४ ऑक्टोबर

फोटो स्टुडिओवाला म्हणाला, "ताई, रोज लिहून ठेवत जा. ढग कसले होते, कॅमेऱ्याचे आकडे काय ठेवले, फोटो का बिघडला. हात बसेल हळूहळू." म्हणून ही वही. तर आजची नोंद: ढग नाहीत. फोटो बिघडला, कारण लेन्सवरचं झाकण काढायला विसरले. आणि मी आपली म्हणतेय, आज अंधार एवढ्या लवकर कसा पडला!

कॅमेरा त्याचा आहे, माझ्या नवऱ्याचा. मोठ्या हौसेने घेतला होता, नव्याचे नऊ दिवस संपले तसा कपाटात गेला. जुलैत कंपनीने त्याला तिकडे पश्चिमेला, बंदराच्या गावी पाठवलं. तिथे मोठं शीतगृह उभं राहतंय, त्यातली थंडाव्याची यंत्रं बसवायचं काम याच्याकडे. गाडीने अख्खी रात्र जाते पोचायला. जाताना कॅमेरा विसरला की ठेवून गेला, माहीत नाही. मी ठरवून टाकलंय की माझ्यासाठी ठेवून गेला.

खाली उतरले तर नाना जिन्याच्या तोंडाशी. माझे सासरे. गुडघ्यांमुळे गच्चीवर येत नाहीत, पण चौकशी सगळी हवी. फोटो दाखवायला नव्हताच, तरी कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "सूर्य काय, रोजच बुडतो. ज्या दिवशी बुडणार नाही त्या दिवशी काढ. पेपरात छापतील."

९ ऑक्टोबर

आज जमलं. आकाशावर नेम धरून उजेड थोडा कमी केला की रंग टिकतात, हे कळलं. नाहीतर सगळं पांढरं फटक पडतं, जास्त पावडर टाकून धुतल्यासारखं.

लॉन्ड्रीत माझं काम डाग काढायचं. चहाचा, शाईचा, गंजाचा, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. दिवसभर रंग घालवायचे आणि संध्याकाळी रंग पकडायला गच्चीवर जायचं. मालकीणबाईंना म्हटलं, मी सकाळी लवकर येते, संध्याकाळी जरा आधी सोडा. त्या म्हणाल्या, "दाताच्या डॉक्टरसाठी सुट्टी मागणारे पाहिले, सूर्यासाठी मागणारी तूच." पण सोडलं.

फोटो त्याला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. लिहिलं की आमचं भांडण होतं, आकाशावरून काय भांडणार? अर्ध्या तासाने त्याचा अंगठा आला. मी त्या अंगठ्याकडे बराच वेळ बघत बसले. अंगठाच तो, पण पाठवायला त्याने फोन हातात घेतला असेल, फोटो उघडला असेल. तेवढा वेळ तरी मी त्याच्या हातात होते.

हे लिहिलेलं कुणी वाचलं तर हसेल. हसू दे.

१८ ऑक्टोबर

शोध लागला! फोनवर हवामान बघायला मी दोन गावं ठेवली आहेत, आपलं आणि त्याचं. त्यात सूर्यास्ताची वेळही असते, इतके दिवस लक्षच गेलं नव्हतं. त्याच्याकडे सूर्य आपल्यापेक्षा वीस-बावीस मिनिटं उशिरा बुडतो. पश्चिमेला आहे ना तो.

म्हणजे आपल्याकडचा सूर्य गेला तरी त्याच्याकडे अजून असतो. माझे फोटो काढून झाले की मी आता खाली उतरत नाही. पाण्याच्या टाकीला टेकून थांबते. निळं गडद होत जातं, समोरच्या घरांत दिवे लागतात, आणि मी घड्याळ बघून म्हणते, आता त्याचा टेकला असेल समुद्राला. आता गेला. मग खाली.

नाना म्हणाले, "अंधाराचे फोटो काढतेस का आता?" मी खरं ते सांगितलं. त्यांनी खुंटीवरची शाल काढली. मग म्हणाले, "शाल घेऊन जात जा वर."

२५ ऑक्टोबर

रात्री फोन. मी म्हटलं, तुझ्याकडे समुद्र आहे, एक तरी सूर्यास्त काढून पाठव ना, पाण्यात बुडताना. तो म्हणाला, "अगं, वेळ कुठे असतो. दिवस कधी मावळतो ते कळतही नाही आम्हाला."

बोलता बोलता मागे कुकरची शिट्टी झाली. मी विचारलं, काय रे, स्वयंपाक? म्हणाला, हो, खोलीवरच करतो आता, बाहेरचं सोसत नाही. मला इतकं कौतुक वाटलं! लग्नाला चौदा वर्षं झाली, मिठाचा डबा कुठला ते या माणसाला ठाऊक नव्हतं. एकटं राहिलं की माणूस शिकतो. मोठ्या बहिणीला, ताईला, फोन करून सांगितलं. ताई "हं" म्हणाली. ताईला त्याचं कौतुक कधी नव्हतंच.

६ नोव्हेंबर

तो येणार होता. येत नाही. काम लांबलं, कदाचित मार्चपर्यंत. फोनवर मी "बरं" म्हणाले, अगदी समजूतदारपणे. मग गच्चीवर जाऊन रडले. खालच्या वहिनी कपडे काढायला आल्या, म्हणून कॅमेरा डोळ्याला लावला. कॅमेऱ्यामागे निवांत रडता येतं, हा त्याचा एक उपयोग स्टुडिओवाल्याने सांगितला नव्हता.

आकाश एकदम स्वच्छ होतं आणि फोटो सपक आला. गंमत आहे, स्वच्छ आकाशाचा सूर्यास्त बेचव असतो. चार ढग आडवे आले की मजा. नानांना हे सांगितलं तर म्हणाले, "संसाराचंही तसंच म्हणतात. पण म्हणणारे बहुतेक कीर्तनात बसलेले असतात, संसारात नाही."

मला त्याची आठवण येते. एवढंच लिहायचं होतं खरं तर.

१४ नोव्हेंबर

नाना आज त्यांच्या पोस्टातल्या जुन्या सोबत्याकडे गेले होते, पुलापलीकडे, नव्या इमारतींकडे. जाताना छान होते. आले ते बूट न काढता खुर्चीत बसले. चहा दिला तर तसाच गार झाला.

"काय झालं? दुखतंय का?"

"काही नाही."

"सोबती बरे आहेत ना?"

"त्याला काय धाड भरलीय."

मग म्हणाले, चिरंजीवांचा फोन आला तर मला देऊ नकोस. मी विचारलं का, तर कानाकडे बोट दाखवलं. ऐकू कमी येतं म्हणून असेल. पण आजवर तर फोन माझ्या हातातून ओढून घ्यायचे.

वयाचंच असणार. मोकळ्या पुलावर वारा लागला असेल.

२० नोव्हेंबर

मन खट्टू झालंय. जेवताना नाना म्हणाले, "ताईकडे जाऊन राहा काही दिवस. बदल होईल." मी म्हटलं, तुमचं कोण बघेल? म्हणाले, "मी काय कुकुलं बाळ आहे?" माझा कंटाळा आला असेल त्यांना. रोज एकच बाई, एकच विषय, आज ढग असे आणि उद्या तसे.

पण मग हात धुऊन आले आणि म्हणाले की सोमवारी वकिलाकडे जायचंय, ही जागा तुझ्या नावावर करतो. डॉक्टरांनी काही सांगितलं का यांना? विचारलं तर चिडले. "माणूस मरणार असला तरच शहाणपणाने वागतो का?"

एकीकडे घालवून देतात, एकीकडे घर देतात. म्हाताऱ्या माणसांचं काही कळत नाही. त्याला कळवलं तर त्याचं उत्तर आलं, "बाबा म्हणतात तसं करा." बघा, घराच्या बाबतीत एका शब्दाने वाद घातला नाही! दुसरा मुलगा असता तर आकाशपाताळ एक केलं असतं. असा आहे तो, आणि ताई म्हणते याच्यात काय पाहिलंस.

२७ नोव्हेंबर

घरी आले तर नाना आतल्या खोलीत फोनवर बोलत होते. बोलत कसले, ओरडत होते. कमी ऐकू येणाऱ्याला वाटतं, समोरच्यालाही कमीच ऐकू येतं. "लाज वाटत नाही? रोज वर जाऊन उभी राहते ती! थंडीत!" आणि मग, "तू सांग. मी नाही सांगणार. तुझं तू निस्तर."

मी चपला जोरात वाजवल्या, तसा फोन ठेवला. मला कळलं की त्यालाच झापत होते, घरी येत नाही म्हणून. मला बरं वाटलं नाही. त्याला काय कमी ताप आहे तिथे? पण नानांचा जीव आहे माझ्यावर हे मात्र कळलं, म्हणून दुसरा चहा केला त्यांना.

२८ नोव्हेंबर

आला! त्याच्याकडचा सूर्यास्त आला!

मी गच्चीवर होते. आज आकाशाने कंजुषी केली नव्हती. एक लांबच लांब ढग, डाव्या टोकाला फाटलेला, आणि त्याला आडवी छेदत गेलेली विमानाची पांढरी रेघ, कच्चा टाका घातल्यासारखी. सूर्य गिरणीच्या छपराला टेकला, मी धडाधड फोटो काढत होते, आणि खिशात फोन वाजला. त्याचा फोटो. खाली लिहिलेलं: "घे. तुझ्यासाठी."

समुद्र नाही त्यात. इमारतींच्या गच्च्या, त्यांच्यामागे सूर्य, वर ढग. वाकडा आलाय, एका कोपऱ्यात त्याचं बोट आलंय. बोटाचा धूसर गुलाबी डाग. मी त्या डागाचा मुका घेतला. चाळिशीला आलेली बाई गच्चीवर फोनचे मुके घेतेय, वहिनी नव्हत्या हे नशीब.

दुधाची तहान ताकावर, पण ताकही किती दिवसांनी मिळालं. आज थांबले नाही टाकीपाशी. धावत खाली आले, नानांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, बघितला, चष्मा काढला आणि विचारलं, "एवढंच पाठवलं त्याने?"

"एवढंच म्हणजे? फोटो पाठवला ना!"

ते उठून आत गेले. त्यांना कशाचंच अप्रूप नाही.

१ डिसेंबर

दोन्ही फोटो छापून शेजारी शेजारी लावायचे असं ठरवलं. माझ्याकडचा आणि त्याच्याकडचा, एकाच चौकटीत. स्टुडिओत गेले. त्याने दोन्ही पडद्यावर मोठे केले आणि म्हणाला, "छान कल्पना आहे, ताई. एकच संध्याकाळ दोन ठिकाणांहून. हा दुसरा कुठून काढलाय, पुलापलीकडून?"

मी हसले. म्हटलं, "अहो, तो कुठला! तो बंदराच्या गावचा आहे. मिस्टरांनी पाठवलाय."

तो पडद्याकडे बघत राहिला. माझ्या ढगाच्या फाटक्या टोकावर बोट ठेवलं, मग त्याच्या ढगाच्या. मग दोन्हींतल्या विमानाच्या रेघेवर. मग बोट काढून घेतलं.

"असेल, असेल," तो म्हणाला. "मॅट पेपरवर देऊ की चकचकीत?"

मला इतका राग आला. ढगांतलं एवढं कळतं तर हवामान खात्यात जा म्हणावं. मॅट सांगितलं आणि पैसे न देताच निघाले, तो बिचारा मागून हाकही मारेना.

३ डिसेंबर

ढग मोठा होता. एवढा मोठा की दोन्ही गावांना पुरला असेल.

विमानं काय फक्त आमच्याच डोक्यावरून जातात? तिकडेही जात असतील. त्यांचीही रेघ उमटत असेल.

आणि त्याचा फोटो आला तेव्हा माझा सूर्य छपराला टेकला होता, त्याच्या फोटोतही टेकलेलाच. तिकडे तेव्हा तो चांगला हातभर वर असायला हवा होता. पण फोटो आदल्या दिवशीचा असू शकतो. आदल्या दिवशी काढला, दुसऱ्या दिवशी पाठवला. असं करतात लोक.

आदल्या दिवशीचा असेल तर ढग? फाटलेलं टोक?

आज एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कोटावरचा डाग काढताना हात घसरला, औषध जास्त पडलं आणि कापडच विरलं. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. मालकीणबाई रागावल्या नाहीत, म्हणून जास्तच वाईट वाटलं. घरी जा म्हणाल्या.

९ डिसेंबर

सहा दिवस आभाळ भरलेलं. सूर्य दिसतच नाही. बरं आहे.

तो रात्री बोलला, नेहमीसारखा. थंडी आहे का, नाना कसे आहेत, जेवलीस का. मी काही विचारलं नाही. विचारलं तर तो काहीतरी सांगेल, आणि तो सांगेल ते मी खरं मानीन. स्वतःला ओळखते मी. मला त्याच्याकडून काही ऐकायचंच नाही. मला फक्त त्याचा सूर्य कुठे आहे ते बघायचंय.

नाना जेवत नाहीत नीट. माझ्या ताटाकडे बघतात, मी त्यांच्या. दोघांचं अन्न तसंच उरतं.

१२ डिसेंबर

आज आभाळ उघडलं. फोनवर बघितलं, तिकडेही स्वच्छ.

कॅमेरा नेला, पण काढला नाही पिशवीतून. सूर्य गिरणीच्या छपरामागे गेला. शेवटची कड गेली तसा मी फोन लावला. या वेळी कधी लावत नाही, तो कामावर असतो म्हणून. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला.

"काय गं, आत्ता? सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे. सहज केला. गच्चीवर आहे. तुझ्याकडे सूर्य कुठे आहे रे?"

"काय?"

"सूर्य. खिडकीतून बघ ना जरा. माझ्यासाठी."

तो हसला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग पडद्याच्या कड्या सरकल्याचा. मी मनात म्हणत होते, वर आहे म्हण. अजून आहे म्हण, डोळ्यांवर येतोय म्हण. न बघता काहीही म्हण. पण तो खरंच उठला आणि बघायला गेला. इतक्या महिन्यांत मी मागितलेली ही एकच गोष्ट त्याने अशी लगेच केली.

"गेला की," तो म्हणाला. "आत्ताच गेला बघ. थोडं लाल राहिलंय. का गं? फोटो हवाय?"

"नको," म्हटलं.

"मग खाली जा आता. गारठ्यात उभी राहू नकोस."

किती मायेने म्हणाला. फोन ठेवल्यावरही मी तशीच कानाला लावून उभी होते. तिकडे, बंदराच्या गावी, सूर्य अजून वर होता. तिथल्या लोकांच्या तोंडावर ऊन होतं. फक्त त्यांच्यात तो नव्हता. कधीपासून नव्हता कोण जाणे. आणि मी रोज त्या टाकीला टेकून थांबत होते, त्याच्या नसलेल्या सूर्यासाठी, शाल पांघरून.

जिन्यात आवाज झाला. नाना. एकेक पायरी, कठड्याला धरून, मध्येच थांबून. या घरात मी आल्यापासून ते कधी गच्चीवर आले नव्हते. वर आले तेव्हा धापा टाकत होते.

"नाना, तो इथेच आहे ना?"

त्यांनी टाकीला हात टेकला. ऐकू गेलं नसेल म्हणून मी पुन्हा मोठ्याने विचारणार होते.

"पुलापलीकडे," ते म्हणाले. "नव्या इमारतींत. भाजी घेऊन येत होता, मी समोरच उभा. एकटा नव्हता."

"कधीपासून?"

"तिकडचं काम ऑगस्टातच आटोपलं."

मी टाकीपाशी खाली बसले. नानांना बसता येईना, उभ्यानेच माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी रडले. गळा काढून रडले. वहिनींच्या खिडकीत दिवा लागला, लागू दे म्हटलं.

"मी कसं सांगणार होतो गं तुला?" नाना म्हणत होते. "माझाच मुलगा. माझ्या तोंडून कसं सांगू? त्याला म्हटलं, तूच सांग, माणसासारखं सांग. सांगतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी परत विचारलं, सांगितलंस का? तर म्हणाला, फोटो पाठवलाय, खूश आहे ती."

अंधारात एकमेकांना धरून आम्ही खाली उतरलो. त्यांचा गुडघा प्रत्येक पायरीला वाजत होता. गरम पाण्याने शेकला, आता ते पडलेत, झोप लागलेली नाही. खोकण्याचा आवाज येतोय.

खूश होते मी, हे त्याने खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी अख्ख्या लॉन्ड्रीला फोटो दाखवला होता. इस्त्रीवाल्या बाईला तर दोनदा.